पक्ष्यांचे खाद्यपात्र

पक्ष्यांचे खाद्यपात्र म्हणजे मुक्त संचार करणाऱ्या पक्ष्यांना धान्य, फळे किंवा अन्य खाद्य मिळावे यासाठी अंगणात, परसात, गच्चीवर अथवा झाडावर मांडलेले किंवा टांगलेले पात्र होय. त्याच्या जोडीला बहुधा पाण्याचे उथळ भांडेही ठेवले जाते. या दोहोंना मिळून बोलीभाषेत ‘दाणापाणी’ असे म्हणतात. खाद्यपात्र हा पिंजरा नव्हे. पक्षी स्वेच्छेने येतो, खातो आणि उडून जातो.

खाद्यपात्राची उपयुक्तता त्याच्या आकारापेक्षा त्यातील धान्याच्या शुद्धतेवर आणि पात्राच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. नियमित स्वच्छ केलेले साधे खापर पक्ष्यांना उपकारक ठरते, तर दुर्लक्षित राहिलेले महागडे पात्र रोगप्रसाराचे केंद्र बनू शकते. प्रस्तुत लेखात खाद्यपात्राची निवड व देखभाल यांची माहिती असून, उदाहरणादाखल मराठवाड्यातील, विशेषतः जालना जिल्ह्यातील जांब समर्थ (तालुका घनसावंगी) व त्याच्या परिसरातील ग्रामीण परिस्थिती विचारात घेतली आहे.

परंपरा

पक्ष्यांना अन्नाचा वाटा देण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. भोजनापूर्वी काढला जाणारा काकबळी, पितृपक्षात कावळ्यासाठी ठेवले जाणारे पान आणि लहान मुलांना भरवताना चिऊ-काऊच्या नावाने दिला जाणारा घास ही तिची परिचित रूपे होत. शेतकरी कुटुंबांत सुगीच्या वेळी ज्वारीची किंवा बाजरीची निवडक कणसे जुडी बांधून ओसरीच्या तुळईला अथवा दाराच्या चौकटीला टांगली जात. वर्षभर चिमण्या त्यांवर बसून दाणे टिपत. ही जुडी म्हणजे या प्रदेशातील मूळचे खाद्यपात्रच होय. एरवी हाच शेतकरी कणसे भरण्याच्या दिवसांत माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे हाकलत असे; मात्र रास घरी आल्यावर पाखरांचा वाटा वेगळा काढत असे.

आधुनिक अर्थाने खाद्यपात्राचा प्रसार युरोप व उत्तर अमेरिका येथे अधिक झाला. तेथील कडक हिवाळ्यात बर्फामुळे अन्न दुर्मीळ होते, त्यामुळे खाद्यपात्राचा मुख्य हंगाम हिवाळा असतो. मराठवाड्यात मात्र टंचाईचा काळ उन्हाळा हा आहे आणि टंचाई अन्नापेक्षा पाण्याची अधिक असते. परदेशी पुस्तिकांतील सूचना जशाच्या तशा येथे लागू पडत नाहीत, याचे हे प्रमुख कारण आहे.

परिसर व बदललेली परिस्थिती

जांब समर्थ हे समर्थ रामदास स्वामींचे जन्मगाव. घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. काळ्या जमिनीच्या या पट्ट्यात कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, बाजरी, ऊस ही पिके व मोसंबीच्या बागा आढळतात. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि ओढे-नाले कोरडे पडतात.

मराठवाड्यातील गावांत गेल्या काही दशकांत दोन मोठे बदल झाले. पहिला शेतीतील. ज्वारी व बाजरी यांचे क्षेत्र घटून त्या जागी सोयाबीन व कापूस वाढला. लहान पक्ष्यांना ज्वारी-बाजरीचे दाणे टिपता येतात. कापसाच्या सरकीचा किंवा सोयाबीनच्या टपोऱ्या दाण्याचा त्यांना फारसा उपयोग नाही. शिवाय खळ्यावरील मळणीची जागा मळणीयंत्राने घेतल्यामुळे खळ्यात सांडणारे धान्यही कमी झाले. दुसरा बदल घरांचा. माळवदाच्या घरांतील तुळया, कोनाडे, वळचणी आणि भिंतींतील खबदाडी यांत चिमण्यांची घरटी असत. सिमेंटच्या सपाट छताच्या घरांत तशा जागा राहिल्या नाहीत.

चिमणीच्या संख्येविषयी सर्वत्र एकसारखी स्थिती नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार देशभराचा विचार करता चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे. मात्र मुंबईसह सहा महानगरांत ती घटत असल्याचे दिसून आले. चिमण्यांविषयी जागृती व्हावी म्हणून २० मार्च हा दिवस २०१० पासून ‘जागतिक चिमणी दिन’ म्हणून पाळला जातो. हा उपक्रम नाशिकचे मोहम्मद दिलावर व त्यांच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ या संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला.

येणारे पक्षी

खाद्यपात्राकडे कोणते पक्षी येतील हे मुख्यतः खाद्यावर ठरते.

• धान्य खाणारे: चिमणी, होला, पारवा, मनोली, सुगरण, पोपट.
• फळे खाणारे: बुलबुल, साळुंकी, पोपट, कोकीळ. पपई, पेरू, केळे व मोसंबीची अर्धी फोड यांना आवडते.
• सर्वभक्षी: कावळा, साळुंकी, सातभाई. शिजवलेला बिनमिठाचा भात किंवा भाकरीचा चुरा यांच्याकडे ते वळतात.
• धान्याकडे न येणारे: सूर्यपक्षी, शिंपी, दयाळ, वेडा राघू, कोतवाल. हे कीटकांवर किंवा फुलांतील मधावर जगतात. त्यांच्यासाठी पात्रापेक्षा जास्वंद, शेवगा, पळस, पांगारा यांसारखी झाडे व कीटकनाशकमुक्त परसबाग उपयोगी ठरते.

चिमणी धान्य खाणारी असली तरी आपल्या पिलांना ती प्रामुख्याने अळ्या व किडे भरवते. त्यामुळे केवळ धान्य ठेवून चिमण्यांची वीण वाढत नाही. अंगणात किडे असणेही आवश्यक असते. खारी, मुंग्या व उंदीर हेही खाद्यपात्राचे नेहमीचे पाहुणे होत.

खाद्यपात्राचे प्रकार व निवड

कणसांची जुडी: ज्वारी, बाजरी किंवा राळ्याची कणसे सुतळीने बांधून टांगावीत. दाणा कणसातच राहत असल्याने तो विष्ठेत मिसळत नाही, साचलेल्या पाण्यात भिजत नाही आणि एका वेळी मोजकेच पक्षी बसू शकतात. धुण्याचा प्रश्न उरत नाही; कणीस रिकामे झाले की ते काढून टाकायचे. खेड्यातील घरासाठी हा सर्वांत सोपा व निर्धोक प्रकार आहे. पावसाळ्यात मात्र जुडी छपराखालीच असावी.

परळ किंवा ताटली: मातीचे उथळ परळ, सुपली अथवा लाकडी फळी यांवर धान्य पसरले जाते. सर्व जातींचे पक्षी येथे सहज येतात. परंतु पक्षी धान्यातच उभे राहत असल्याने विष्ठा व धान्य एकत्र होते, हा या प्रकाराचा मोठा दोष आहे. ब्रिटनमधील ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स’ या संस्थेने रोगप्रसाराच्या शंकेमुळे जानेवारी २०२५ मध्ये सपाट खाद्यपात्रांची विक्री स्थगित केली. सपाट पात्र वापरायचेच असल्यास दिवसाचे धान्य दिवसात संपेल एवढेच टाकावे व ते रोज झाडून पुसून घ्यावे.

नळीचे पात्र: उभ्या नळीला बाजूने छिद्रे व बसण्यासाठी दांड्या असतात. धान्य आत कोरडे राहते आणि विष्ठा खाली पडते. वापरलेल्या बाटलीला आडव्या लाकडी पळ्या खोचून शाळांतील मुले असे पात्र तयार करतात. त्याच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे पाडावीत. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकते, म्हणून अशी बाटली प्रत्येक उन्हाळ्यानंतर बदलावी.

डब्याचे पात्र: तेलाचा पत्र्याचा डबा कापून केलेले पात्र टिकाऊ असते. त्याच्या कडा आत दुमडाव्यात, अन्यथा पक्ष्यांचे पाय कापतात. उन्हात पत्रा तापत असल्याने तो सावलीतच टांगावा.

कोणतेही पात्र निवडताना पुढील बाबी तपासाव्यात: ते पूर्ण उघडून धुता येते का, त्यात पाणी साचते का, त्याच्या कडा धारदार आहेत का आणि त्याला गुंतण्यासारखा दोरा आहे का. टांगण्यासाठी तार किंवा जाड सुतळी वापरावी. नायलॉनचा बारीक दोरा व पतंगाचा मांजा पक्ष्यांच्या पायांत व पंखांत अडकतो, म्हणून तो वर्ज्य समजावा.

योग्य खाद्य

बाजरी, ज्वारी, राळा आणि तांदळाची कणी हे धान्य सर्वांत योग्य होय. कच्चा तांदूळ खाल्ल्याने पक्ष्यांचे पोट फुगते ही समजूत निराधार आहे. धान्य चाळून, निवडून व उन्हात वाळवून ठेवावे. मिठाचे, तळलेले व मसाल्याचे पदार्थ, म्हणजे शेव, फरसाण, चिवडा इत्यादी, ठेवू नयेत. पाव व बिस्किटे यांत पोषण अल्प असते. दूध पक्ष्यांना पचत नाही.

बुरशी लागलेले धान्य व शेंगदाणे विशेष धोकादायक असतात. ओलसर शेंगदाण्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. या विषाचा शोधच पक्ष्यांच्या मृत्यूतून लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मरण पावले आणि त्याचे मूळ त्यांच्या खाद्यातील बुरशीयुक्त शेंगदाणा पेंडीत सापडले. घरात खाण्यायोग्य न राहिलेले धान्य पक्ष्यांना चालेल असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे. माणसाने खाऊ नये असे धान्य पक्ष्यांनाही घालू नये.

विषारी धान्याचा धोका

जालना शहर बियाणे उद्योगासाठी देशभर ओळखले जाते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ या बियाणे कंपनीची स्थापना केली. पुढे या परिसरात अनेक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. मराठवाड्यात पेरणीसाठी वापरले जाणारे बरेचसे बियाणे बीजप्रक्रिया केलेले असते. ज्वारीच्या बियाण्याला काणी रोगाविरुद्ध गंधक किंवा थायरम चोळतात, तर खोडमाशीपासून संरक्षणासाठी थायमेथोक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशके लावतात. असे बियाणे ओळखू यावे म्हणून त्याला बहुधा गुलाबी, लाल, हिरवा अथवा निळा रंग दिलेला असतो आणि ते खाण्यासाठी वापरू नये अशी सूचना पिशवीवर छापलेली असते.

पेरणीनंतर पिशवीत उरलेले मूठ-दोन मूठ बियाणे पाखरांना टाकले जाण्याची शक्यता जून-जुलै महिन्यांत असते. हे कटाक्षाने टाळावे. लहान पक्ष्याच्या वजनाच्या मानाने एका दाण्यावरील कीटकनाशकाचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे थोडेसे दाणेही त्याला घातक ठरू शकतात. धुऊन घेतल्याने असे बियाणे निर्विष होत नाही. उरलेले बियाणे पिशवीवरील सूचनेप्रमाणे जपून ठेवावे किंवा जमिनीत खोल पुरावे. पेरताना उघड्यावर सांडलेले दाणेही मातीने झाकावेत.

पुढील धान्यही वापरू नये:

• बोरिक पावडर किंवा कीटकनाशक भुकटी लावून साठवलेले धान्य. साठवणीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेले धान्य चालते.
• उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड मिसळलेल्या आमिषाजवळचे धान्य. असे आमिष ठेवलेल्या घरात खाद्यपात्र लावू नये.
• फवारणी केल्यानंतर लगेच काढलेली कणसे व फळे.

जलपात्र

मराठवाड्यात मार्च ते जून या काळात पाण्याचे भांडे हे धान्याच्या पात्रापेक्षा अधिक महत्त्वाचे असते. कीटकभक्षी व मधुभक्षी पक्षीही पाण्यावर येतात. जलपात्र मातीचे, पसरट व उथळ असावे. पाण्याची खोली दोन ते पाच सेंटिमीटर पुरेशी असते. भांडे खोल असल्यास मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्षी व मधमाश्या बुडत नाहीत. मातीच्या भांड्यातून पाणी पाझरत असल्याने ते थंड राहते. धातूचे भांडे उन्हात तापते.

पाणी रोज बदलावे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि त्याची वाढ साधारण एका आठवड्यात पूर्ण होते. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन करतो ते याच कारणाने. भांडे नुसते ओतून न देता आतून घासावे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. टंचाईच्या दिवसांत काढलेले जुने पाणी तुळशीला किंवा झाडाला घालता येते.

जागा

पात्र जमिनीपासून दीड ते दोन मीटर उंच असावे. झुडपे किंवा कुंपण दोन-तीन मीटर अंतरावर असल्यास शिक्रा आल्यावर पक्ष्यांना आडोसा मिळतो. झुडूप अगदी लगत असल्यास मांजर त्यात दबा धरून बसते. दुपारच्या उन्हात पात्रावर सावली असावी. काचेची मोठी खिडकी असल्यास पात्र खिडकीपासून एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरच्या पलीकडे टांगावे. मधल्या अंतरावरून वेगाने उडालेला पक्षी काचेवर आदळून दगावतो. पिण्याच्या पाण्याची टाकी, आड, कोंबड्यांचे खुराडे आणि धान्याची कोठी यांच्यावर किंवा लगत पात्र लावू नये.

देखभाल

• रोज: खालची विष्ठा व टरफले झाडावीत, पाणी बदलावे आणि सूर्यास्तानंतर उरलेले धान्य काढून घ्यावे. रात्रभर राहिलेल्या धान्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो.
• दर पंधरा दिवसांनी: पात्र रिकामे करून गरम पाणी व साबणाने घासावे. त्यानंतर एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी यांच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवून स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावे आणि उन्हात पूर्ण वाळवावे. ओले पात्र भरल्यास बुरशी येते.
• पावसाळ्यात: ही सफाई दर आठवड्याला करावी. भिजलेले धान्य वाळवून पुन्हा वापरू नये.
• दर दोन-तीन महिन्यांनी: पात्राची जागा बदलावी, म्हणजे एकाच ठिकाणी घाण साचत नाही.

सफाईसाठी ब्रश व बादली वेगळी ठेवावी. हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. वाळलेली विष्ठा खरवडण्यापूर्वी ती ओली करावी, कारण तिची धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते.

रोगराई

एकाच पात्रावर अनेक पक्षी जमल्याने रोग झपाट्याने पसरतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनास या परजीवीमुळे ग्रीनफिंच या पक्ष्याची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली. हा परजीवी लाळेने दूषित झालेल्या धान्यातून व पाण्यातून पसरतो. अमेरिकेत १९९४ पासून हाऊस फिंच या पक्ष्यांमध्ये पसरलेल्या डोळ्यांच्या साथीतही खाद्यपात्रांचा वाटा आढळला.

बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव मराठवाड्यातही झालेला आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांमध्ये, तर जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मृत कावळ्यांमध्ये हा रोग आढळून आला. परिसरात अशी साथ असताना दाणापाणी ठेवणे थांबवावे. पात्राजवळ पिसे फुलवून सुस्त बसलेला, गिळताना त्रास होणारा किंवा डोळे सुजलेला पक्षी दिसल्यास पात्र किमान दोन आठवडे काढून ठेवावे व निर्जंतुक करावे. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मृत आढळल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

पारव्यांचा प्रश्न

मोठ्या प्रमाणावर टाकलेल्या धान्याचा लाभ मुख्यतः पारव्यांना होतो. त्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीमुळे काही व्यक्तींना फुप्फुसाचा गंभीर दाह होतो. मुंबईत या कारणावरून २०२५ साली महानगरपालिकेने दादर येथील कबुतरखान्यासह अन्य कबुतरखाने बंद करण्याची कारवाई केली. त्यास जीवदयेच्या भूमिकेतून विरोध झाला आणि हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. घरगुती पात्रात पारवे जमू नयेत यासाठी जमिनीवर धान्य पसरू नये आणि पारव्याला बसता येणार नाही असे आखूड दांड्यांचे पात्र किंवा कणसांची जुडी वापरावी.

मर्यादा

खाद्यपात्रामुळे पक्षी परावलंबी होतात अशी शंका घेतली जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात चिकडी या लहान पक्ष्यावर झालेल्या अभ्यासात, पूर्वी खाद्यपात्रावर येणारे पक्षी पात्र काढून घेतल्यावरही इतरांइतकेच तगले, असे दिसले. घरमालक काही दिवस परगावी गेल्यास पक्षी उपाशी मरतील अशी भीती म्हणूनच अनाठायी आहे. अशा वेळी धान्य भरून पात्र तसेच सोडण्यापेक्षा ते रिकामे करून धुऊन ठेवणे श्रेयस्कर होय. उन्हाळ्यातील पाण्याची सोय मात्र शेजाऱ्यांकडे सोपवावी.

खाद्यपात्र हा नैसर्गिक अधिवासाला पर्याय नाही. बांधावरील बोर, बाभूळ, कडुनिंब, उंबर व वड ही झाडे पक्ष्यांना अन्न, किडे, निवारा व घरट्याची जागा एकाच वेळी देतात. बांधालगतची ज्वारीची एखादी ओळ न कापता पाखरांसाठी राखून ठेवल्यास दाणा, किडे व आडोसा एकत्र मिळतो आणि धुण्यासाठी पात्रही उरत नाही.

निरीक्षण व नोंदी

खाद्यपात्रामुळे पक्ष्यांचे जवळून निरीक्षण करता येते. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर व अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, या दोन तारखांमधील काळ महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव व संख्या एवढी नोंद वहीत नियमित ठेवल्यास गावातील पक्षिजीवनात होणारे बदल काही वर्षांत लक्षात येतात. पक्ष्यांची मराठी नावे पाहण्यासाठी चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ उपयुक्त आहे.

हे सुद्धा पहा

• चिमणी
• पक्षिनिरीक्षण
• बीजप्रक्रिया
• बर्ड फ्लू
• जांब समर्थ